हे खरं आहे का?

आमच्या घरात टीव्हीवर काहीही लागलं की बाबांचा एकच प्रश्न, ‘हे खरं आहे का?’ बातम्या, मॅच, डॉक्युमेंटरी, सगळं पास. सिरियल म्हटली की, ‘कुणीतरी बसून रचलंय आणि तुम्ही रडताय!’ बाबा बँकेत इन्स्पेक्शनला होते. व्हाउचर नसलेल्या दुःखावर त्यांचा विश्वास नाही. डोंबिवलीच्या आमच्या घरातल्या कपाटात चरित्रं आहेत, इयरबुकं आहेत, कादंबरी एकही नाही.

तुमच्याही घरी असं कुणीतरी असेलच. आणि खोटं कशाला बोलू, मीही तशीच झाले होते. मास कॉमच्या इंटरव्ह्यूत ‘काय बघतेस?’ असं विचारल्यावर मी ऐटीत ‘ओन्ली डॉक्युमेंटरीज’ म्हणून टाकलं होतं. आदल्या रात्री ‘असंभव’चे जुने एपिसोड बघत दोन वाजवले होते, ते कशाला सांगा! (ऑफिसात आपण असंच करतो की. कोरियन ड्रामा आपण बघतो, मराठी सिरियल ‘आई बघते’.)

तर, मागच्या गणपतीत आत्या आली होती. भांडी पुसता पुसता तिने ‘आभाळमाया’चा विषय काढला. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेली ही सिरियल. म्हणजे आताचं झी मराठी. त्यातली सुधा जोशी, म्हणजे सुकन्या कुलकर्णी, शिकलेली, कमावती. आणि नवरा दुसऱ्या बाईत गुंतलेला.

२००१ मध्ये आत्या एक सुटकेस घेऊन आमच्याकडे राहायला आली. मी जेमतेम चार वर्षांची. का आलीस, हे तिला घरात कुणीच विचारलं नाही. पोळ्या किती खाणार, एवढंच विचारलं.

बाबांची लोकल यायच्या आत आई आणि आत्या ‘आभाळमाया’ बघून घ्यायच्या. ‘तुझी आई म्हणायची, सुधाने त्याला सरळ सोडून द्यावं,’ आत्या सांगत होती. ‘मी म्हणायचे, वहिनी, सोपं असतं का ते? माहेरचे किती दिवस ठेवून घेतील?’ आता, सुधाच्या माहेरचा इथे काय संबंध? पण आईने तो मुद्दा काढला नाही. ती म्हणाली, ‘ठेवून घेतील. मी आहे ना.’

रोज हेच. दोघी फक्त सुधाबद्दल बोलायच्या. आत्याच्या नवऱ्याचं नाव एकदाही निघालं नाही. मग एका संध्याकाळी जाहिराती चालू असताना आत्या म्हणाली, ‘मी नाही जाणार परत.’ आईने टीव्हीचा आवाज बारीक केला आणि चहा टाकला.

मी पुसलेलं पातेलं परत पुसत बसले होते.

सिनेमा अडीच तासांत निकाल लावून मोकळा होतो. सिरियल लावत नाही, आणि आपण तिला नावं ठेवतो ती त्यासाठीच. पण एखाद्या बाईला निर्णय घ्यायला सहा महिने लागत असतील, तर तिला सोबतीला सहा महिने चालणारीच गोष्ट हवी. अर्धा तास बघायचं, उरलेला दिवस त्यावर बोलायचं. आमच्याकडच्या चरित्रांनी आत्यासाठी हे केलं नसतं. उगाच पाणी घालून वाढवलेल्या, दुधात विष कालवणाऱ्या सिरियलींची वकिली मी करत नाहीये हं. त्यांना मीही शिव्याच घालते.

रात्री मी हे सगळं बाबांना सांगितलं. मला वाटलं, नेहमीचा प्रश्न येणार. त्यांनी पेपर खाली ठेवला. ‘मला वाटायचं, या दोघी रोज त्या सिरियलबद्दलच बोलतात.’

‘सिरियलबद्दलच बोलायच्या, बाबा.’

ते जरा वेळ गप्प होते. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘मी का नाही विचारलं ताईला तेव्हा?’

आत्या बाहेरच्या खोलीत गादी घालत होती. बाबा उठून तिकडे गेले. मी स्वयंपाकघरातला दिवा घालवला.