प्रॉव्हिडंट फंड नको म्हणण्याआधी हिसाब मांडा

सांगली-साताऱ्याकडची आपली मुले नोकरीला लागतात तेव्हा एक प्रश्न हमखास घरी येतो. नोकरी कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत असो, नाहीतर कराड-सांगलीच्या एखाद्या मोठ्या साडी-दुकानात असो, पहिल्या आठवड्यात पुढे येणाऱ्या कागदांत प्रॉव्हिडंट फंडाचा कागद असतो. फंड कापून द्यावा की पैसे हातात घ्यावेत? वडील म्हणतात, हातात आला तो पैसा आपला. मशिदीबाहेर कोणी सांगतो, फंडावर सूद मिळतो, तेव्हा लांब राहा. आणि कित्येक ठिकाणी खुद्द मालकच सुचवतो की, 'फंड नको' असे लिहून दे, पगारात बघून घेऊ. हे तीन सल्ले वरवर सारखे दिसले तरी त्यांचा हिसाब वेगवेगळा आहे.

प्रथम हे पाहू की नको म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ सालचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही वीस माणसांची अट तशीच आहे. वीस किंवा अधिक माणसे कामाला असतील तर फंड लागू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर कामगाराला फंडात घ्यावेच लागते. ही मर्यादा १९९४ साली ५,००० रुपये होती, २००१ साली ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० ठरली. पुढील सर्व हिसाब १५,००० धरून केला आहे. नोकरीला लागताना त्या दिवशीची मर्यादा विचारून घ्यावी.

म्हणजे बारा हजार पगाराच्या कारागिराने 'मला फंड नको' असे दहा वेळा सही करून दिले तरी त्या कागदाला कायद्यात किंमत नाही. बाहेर राहण्याची मुभा आहे ती एकालाच : ज्याचा पगार नोकरीला लागतानाच मर्यादेच्या वर आहे आणि जो आधी कधी फंडाचा सभासद नव्हता. तोही एकदा आत आला की नोकरी चालू असताना बाहेर पडू शकत नाही. आधीच्या नोकरीत फंड कापला जात होता, तो खाते नव्या नोकरीत घेऊनच येतो.

आता पैशाचे बघू. बारा हजारांवर कामगाराचे बारा टक्के, म्हणजे १,४४० रुपये कापले जातात. तेवढेच १,४४० मालक घालतो. मालकाच्या हिश्शाचे दोन भाग पडतात : ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,००० रुपये, पेन्शनकडे जातात आणि उरलेले ४४० कामगाराच्या फंडात. शिवाय विमा व कार्यालयीन खर्च धरून आणखी सुमारे एक टक्का मालकाचाच जातो. फंड न कापणाऱ्या मालकाकडे काम करणारा समजतो की आपले १,४४० वाचले. प्रत्यक्षात मालकाचे दीड हजार वाचले, आणि ते मालकाच्या गल्ल्यात राहिले. मी स्वतः व्यापारी आहे, म्हणून व्यापारी बांधवांना हे टोचेल हे माहीत असूनही लिहितो. 'पगारात बघून घेऊ' म्हणणाऱ्या मालकाला कामगाराने एवढेच विचारावे की, माझ्या १,४४० वर तुमचे १,४४० घालून देणार का? त्याचे उत्तर मिळाले की बाकीची चर्चा आपोआप होते.

पेन्शनची योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. तिच्यात कामगाराच्या खिशातून एक पैसाही जात नाही. मालकाचे ८.३३ टक्के आणि केंद्र सरकारचे १.१६ टक्के, एवढ्यावर ती चालते. दहा वर्षे नोकरी भरली तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन. सूत्र सोपे आहे : शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरी पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. पंधरा हजारांवर दहा वर्षांचे २,१४३ रुपये होतात. वीस वर्षांवर नोकरी केल्यास दोन वर्षे वाढवून मिळतात, तेव्हा पंचवीस वर्षांचे सुमारे ५,७८६ पडतात. रक्कम थोडी आहे, यात शंका नाही. किमान पेन्शन २०१४ साली १,००० रुपये ठरली, ती साडेसात हजार करावी म्हणून आपल्याच राज्यात बुलढाण्याला पेन्शनरांनी २०१८ पासून साखळी उपोषण चालवले. तेव्हा पेन्शनवर म्हातारपण निघेल असे कोणी सांगत असेल तर ऐकू नये.

पण खरा प्रश्न म्हातारपणाचा नाहीच, तरुणपणी गेलेल्या माणसाचा आहे. सभासदाचा नोकरीत असताना इंतकाल झाला तर दहा वर्षांची अट उरत नाही. एका महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी बेवेला पेन्शन लागू होते, किमान हजार. शिवाय दोन मुलांना प्रत्येकी तिच्या चौथ्या हिश्शाइतके, पंचवीस वर्षांचे होईपर्यंत. तिने पुन्हा निकाह केला तर तिची पेन्शन थांबते, पण मुलांची थांबत नाही, ती अनाथ मुलांच्या दराने सुरू होते. आपल्याकडे तरुण बेवेचा दुसरा निकाह लावून देतात, तेव्हा ही गोष्ट घरच्यांना ठाऊक असावी. याखेरीज फंडाला जोडलेला विमा आहे, ज्याचा हप्ता फक्त मालक भरतो. बारा महिने सलग नोकरी झालेल्या सभासदाच्या घरी किमान अडीच लाख आणि जास्तीत जास्त सात लाख रुपये येतात, असे २०२१ साली ठरले. लूमवर, गाडीवर, बॉयलरजवळ काम करणाऱ्याच्या बायकामुलांसाठी दुसरे कोणी एवढे बांधून ठेवत नाही.

सूदचा मसला राहिला. मी मुफ्ती नाही, तेव्हा फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण उलेमांनी यावर फार पूर्वीच विचार करून ठेवला आहे. मुफ्ती मुहम्मद शफी यांची फंडावरची जकात व सूद या मसल्यावर उर्दूत स्वतंत्र पुस्तिका आहे. त्यांचे व देवबंदच्या अनेक मुफ्तींचे म्हणणे थोडक्यात असे, की जी कपात सक्तीची आहे ती रक्कम कामगाराच्या कब्जात आलेलीच नसते. तिच्यावर वाढून मिळणारे पैसे नाव व्याजाचे असले तरी शरियतच्या व्याख्येत सूद ठरत नाहीत, तो मोबदल्याचाच भाग. जकातही हाती आल्यानंतरच्या काळाची. मात्र आपल्या मर्जीने जास्त कापून घेतले, ज्याला व्हीपीएफ म्हणतात, तर त्यावरच्या वाढीत सूदचे साम्य आहे, ते टाळावे.

यावरून पाहा, पंधरा हजारांच्या आतला कामगार सक्तीच्या कपातीत येतो, त्याची शंका बहुतेक मिटते. मसला खरा उभा राहतो तो वरच्या पगाराच्या मुलासमोर. समजा मूळ पगार अठरा हजार, पहिलीच नोकरी. त्याला मालकाबरोबर मिळून अर्ज केला तरच फंडात जाता येते, म्हणजे ही मर्जीची गोष्ट झाली. त्याने मुफ्तीसाहेबांना नेमके हेच विचारावे. 'फंड जायज आहे का' असे मोघम विचारले तर उत्तरही मोघम येते. त्याला हेही सांगायला हवे की २०१४ च्या सप्टेंबरनंतर मर्यादेवरच्या पगारावर पहिल्यांदा लागलेल्याला पेन्शन योजनेत घेत नाहीत. मालकाचे १,८०० पूर्ण फंडात जमा होतात, विमा मिळतो, पण पेन्शन नाही. बाहेर राहिला तर मालकाचे वर्षाचे २१,६०० गेले, आणि ते तर सूद नव्हते, मेहनतीचा मोबदला होता. ज्यांना वाढीव रकमेची खटक वाटते असे काहीजण हातात आल्यावर तेवढी वेगळी काढून सवाबची नियत न ठेवता गरिबांना देतात. (फंडाच्या व्याजाला घाबरणाऱ्या कित्येकांच्या लूमवर बँकेचे कॅश क्रेडिट चालू असते, तेही एकदा विचारून घ्यावे.)

मालकांसाठी दोन शब्द. विट्याला, माधवनगरला लूमवाले एकच शेड दोन-तीन नावांवर दाखवतात, मस्टरवर एकोणीस माणसे ठेवतात. शाखा आणि विभाग एकाच आस्थापनेत मोजतात, ठेकेदाराची माणसेही धरली जातात. मूळ पगार कमी दाखवून बाकी भत्त्यात टाकण्याची वाटही सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालाने अरुंद केली : सर्वांना सरसकट दिला जाणारा भत्ता पगारातच धरायचा. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. कामगाराचे कापून न भरणे हा तर अमानतीचाच प्रश्न आहे.

कारागिरांचे सगळ्यात जास्त नुकसान होते ते नोकरी बदलताना. चार वर्षे इथे, तीन वर्षे तिथे, आणि प्रत्येक वेळी फंड व पेन्शनचे पैसे काढून मोकळे. दहा वर्षे कधी भरतच नाहीत. वास्तविक यूएएन नंबर एकच ठेवून खाते नव्या नोकरीत नेले तर वर्षे जोडली जातात. नवी नोकरी लगेच नसेल तर पेन्शनचे पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट मागावे, जुनी नोकरी त्यावर टिकते. साडेनऊ वर्षे झालेल्याने तर पैसे काढूच नयेत, सहा महिने पूर्ण वर्षात धरतात.

आपल्या लोकांची आणखी एक खास अडचण म्हणजे नाव. उर्दू शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, कंपनीच्या रेकॉर्डवर तिसरे. मोहम्मदचे कुठे मुहम्मद, कुठे नुसते 'एमडी'. शेख कधी आधी, कधी शेवटी. मुलाणी, नदाफ, बागवान ही आडनावे इंग्रजीत दोन-दोन तऱ्हांनी लिहिलेली. क्लेम अडकतो तो इथे, आणि माणूस गेल्यावर बेवेने हे दुरुस्त करत फिरायचे म्हणजे हालच. नोकरी चालू असतानाच आधारप्रमाणे नाव, बापाचे नाव आणि जन्मतारीख जुळवून घ्यावी. निकाह झाला की नॉमिनी नव्याने भरावा. नॉमिनी लावला म्हणून वारसांचे शरई हिस्से संपत नाहीत, हे घरात सांगून ठेवावे.

वीसच्या आत माणसे असलेल्या दुकानाला किंवा कारखान्याला फंड सक्तीचा नाही. तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर तो मागून घेता येतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याच्या कारागिरासारखा जो कोणाचाच नोकर नाही, त्याला हा रस्ता नाही. त्याच्यासाठी २०१९ साली श्रमयोगी मानधन योजना निघाली : वय १८ ते ४०, उत्पन्न महिना १५,००० पर्यंत, वयाप्रमाणे ५५ ते २०० रुपये हप्ता, तेवढेच सरकारचे, आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये. फंडाचा सभासद असलेल्याला तिच्यात घेत नाहीत.