अर्नाळ्याचा वारा आणि अडीचशे वॅट

विरार स्टेशनवरून अर्नाळ्याकडे सायकलने निघालेल्या माणसाला चढ फारसा लागत नाही, वारा लागतो. आगाशी, निर्मळ, भुईगाव, गिरीज, पापडी हा वसई-विरारचा सगळा पश्चिम पट्टा जवळपास सपाट. पण उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून सुटणारा वारा कामावरून परतणाऱ्याच्या थेट तोंडावर येतो. सायकल, स्वार, डबा-पिशवी आणि मोटरचं सामान मिळून शंभर किलो वजन धरलं, तर वारा पडलेला असताना ताशी 20 किलोमीटर वेग राखायला साधारण 105 वॅट लागतात. समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा सुरू झाला की तोच आकडा 230च्या आसपास जातो. धडधाकट, पण शर्यतीचा सराव नसलेला माणूस तासभर सलग 75 ते 100 वॅट देऊ शकतो. तूट राहते ती सव्वाशे-दीडशे वॅटची.

ही तूट भरून काढायला अडीचशे वॅटची मोटर पुरेशी आहे, आणि दुकानात कोणी सायकलला मोटर बसवण्याचं 500 किंवा 750 वॅटचं किट पुढे सरकवलं तर नाही म्हणायला हेच गणित कामी येतं. नाही म्हणायचं दुसरं कारण कायद्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बॅटरीवरच्या सायकलला मोटार वाहन न मानण्याची सवलत मिळते, पण अटींसह: मोटरची अर्ध्या तासाची शक्ती 0.25 किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी वगळून वजन 60 किलोच्या आत. पायडलला साथ देणाऱ्या सायकलला योग्य ब्रेक आणि पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टरही हवा. या अटी तपासून मान्यता देण्याचं काम पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थांकडे आहे. तेव्हा विक्रेत्याकडे पहिली मागणी प्रमाणपत्राच्या प्रतीची. ‘आरटीओची भानगड नाही’ हे तोंडी आश्वासन वाहतूक पोलिसासमोर चालत नाही.

‘अर्ध्या तासाची शक्ती’ हा शब्दप्रयोग उगाच आलेला नाही. विजेची मोटर दोन-चार मिनिटं तिच्या अंगावर छापलेल्या आकड्याच्या दुप्पट ताकद सहज देते. तापत गेली की मग कुरकुर सुरू होते. म्हणून अर्धा तास सलग किती देते हे मोजतात. ग्राहकाला ते घरी मोजता येणार नाही, पण मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या कंट्रोलरवरचं लेबल वाचता येतं. 36 व्होल्ट आणि 15 अँपिअर असं लिहिलं असेल, तर गुणाकार 540 वॅटचा होतो. म्हणजे क्षणभरासाठी बॅटरीतून तेवढी वीज खेचली जाऊ शकते. पुलाच्या चढावर ते ठीक. मात्र ‘250 वॅट’ म्हणून विकलेल्या किटच्या कंट्रोलरवर 30 अँपिअर दिसले, तर दोनपैकी एक आकडा खोटा आहे.

पेट्रोलच्या किटचं काय? टाकी, सायलेन्सर आणि दोरी ओढून सुरू होणारं टू-स्ट्रोक इंजिन असलेली चिनी किट ‘80 सीसी’ म्हणून विकली जातात. त्यांतल्या पुष्कळांच्या सिलिंडरचा व्यास 47 मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला 38 मिलिमीटर असतो. गुणाकार केला की 66 सीसी येतात. कायद्याच्या दृष्टीने हा फरकही गौण, कारण 1988च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला सूट आहे ती फक्त 25 सीसीपर्यंत. त्यापुढे नोंदणी, विमा, परवाना सगळं आलं, आणि घरी जोडलेल्या अशा वाहनाची नोंदणी करून घेणं हे दिवास्वप्नच.

पायडल असलेल्या मोटरवाल्या दुचाकीशी महाराष्ट्राचं नातं तसं जुनं आहे. फिरोदियांच्या कायनेटिकने 1972 साली इटलीच्या पियाजिओच्या ‘चाओ’वरून 50 सीसीची लूना आणली. पेट्रोल संपलं की पायडल मारत घरी येणारी पिढी अजून आहे. फेब्रुवारी 2024मध्ये लूना बॅटरीवर परत आली, पण पायडलशिवाय. विजेची मोटर त्याहून जुनी. ओग्डेन बोल्टन या अमेरिकन माणसाला मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटर बसवलेल्या सायकलचं पेटंट मिळालं ते 31 डिसेंबर 1895 रोजी. त्याची मोटर 10 व्होल्टवर चालायची आणि शंभर अँपिअरपर्यंत करंट खायची! कल्पना बरोबर होती, तिला पेलणारी बॅटरी मात्र तेव्हा नव्हती.

आज बाजारात मुख्यतः तीन घराण्यांच्या मोटरी दिसतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे ब्रशवाली मोटर, फ्रेमला पट्टीने कसून वेगळ्या चेनने मागचं चाक फिरवणारी. हौशी जुगाडूंमध्ये 24 व्होल्टची एमवाय-1016 मालिका प्रसिद्ध आहे. तिचे कार्बन ब्रश झिजतात, जास्तीची चेन उतरते, आवाज होतो. पण बिघाड डोळ्यांना दिसतो आणि गल्लीतला मेकॅनिकही हात घालू शकतो. दुसरी, गिअर असलेली हब मोटर. दोन-तीन किलोंची, आत छोटी ग्रहचक्रं आणि एकाच दिशेने पकडणारा क्लच. बॅटरी संपली तरी सायकल साध्या सायकलसारखी हलकी पळते. तिसरी, बिनगिअरची हब मोटर. आत झिजणारं फारसं काही नाही, पण वजन जवळपास दुप्पट, आणि बंद असताना चुंबकांची ओढ पायाला जाणवते. सपाट, वाऱ्याच्या, थांबत-थांबत जाण्याच्या वसईच्या पश्चिमेला दुसरी चांगली. पूर्वेला तुंगारेश्वरच्या चढावर रोज सामान घेऊन जायचं असेल, तर हब मोटर हळू फिरताना निम्मी वीज उष्णतेत घालवते. तिथे पायडलपाशी बसून सायकलच्या गिअरचा फायदा घेणारी मधली मोटर हवी. ती महाग असते आणि चेन लवकर खाते.

इथवर मोटरची चर्चा झाली, पण खरं सांगायचं तर मोटर हा किटमधला सगळ्यात टिकाऊ भाग आहे. दगा देते ती बॅटरी.

सप्टेंबर 2022मध्ये वसईतच एका घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावला. त्या वर्षी देशभर अशा आगी लागल्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीसाठीचं एआयएस-156 हे मानक कडक केलं. डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत ते लागू झालं. पण ते आहे नोंदणी होणाऱ्या दुचाकींसाठी. किटबरोबर मिळणारी सुटी बॅटरी त्या चाळणीतून गेलेली असेलच असं नाही. न्यूयॉर्क शहरात 2023मध्ये लिथियम बॅटरीच्या आगींत 18 जण गेले; त्याच वर्षी तिथल्या नगर परिषदेने जुने सेल काढून पुन्हा बांधलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीवरच बंदी आणली. आपल्याकडे लॅपटॉपमधले वापरलेले सेल श्रिंक-रॅपमध्ये गुंडाळून ‘नवी बॅटरी’ म्हणून खपवणं अशक्य नाही. पॅकवर सेलची कंपनी, महिना-वर्ष आणि अनुक्रमांक नसेल, तर किंमत कितीही मोहात पाडो, ती घरात आणू नये.

धोका नेमका कुठे असतो हे एका साध्या उदाहरणाने कळेल. 36 व्होल्टची म्हणून दोन प्रकारच्या लिथियम बॅटऱ्या येतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या पॅकमध्ये दहा सेल ओळीने असतात आणि पूर्ण भरल्यावर प्रत्येक 4.2 व्होल्ट, म्हणजे एकूण 42. लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या पॅकमध्ये बारा सेल, प्रत्येकी 3.65, म्हणजे 43.8. दोन्ही चार्जरांची पिन एकसारखी असू शकते. दुसऱ्याचा चार्जर पहिल्या पॅकला लावला, तर प्रत्येक सेल 4.38 व्होल्टपर्यंत फुगवला जातो. मध्ये पहारा देणारं बीएमएस सर्किट चांगलं असेल तर ते चार्जिंग तोडतं. स्वस्त असेल तर तोडेलच असं नाही. जुना चार्जर बिघडला म्हणून शेजाऱ्याचा उसना आणला, इतक्या साध्या गोष्टीतून हे घडतं. फॉस्फेटचे सेल वजनाला थोडे जड, पण उष्णता जास्त सोसतात आणि चार्जिंगच्या फेऱ्याही जास्त देतात. चाळीच्या किंवा इमारतीच्या घरात बॅटरी वर नेऊन चार्ज करणाऱ्याने तेच घ्यावेत. चार्जिंग जागेपणी, दारापासून आणि गादीपासून दूर.

36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 360 वॅट-तास. पायडल मारत गेलं तर किलोमीटरला 8 ते 12 वॅट-तास जातात, म्हणजे तीसेक किलोमीटर खात्रीचे. ‘पायडल मारून बॅटरी भरते’ ही जाहिरात दिसली तर आकडेमोड करावी: वीस मिनिटं शंभर वॅटने घाम गाळला तरी 33 वॅट-तास होतात, जेमतेम एक दशांश बॅटरी, आणि तेवढ्या वेळात सायकल पुढे गेलेलीच नाही.

मग पाऊस. जुलै 2018मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. रस्त्यांची गत वेगळी सांगायला नको. इथे किटवरची आयपी ही अक्षरं कामाची. 54 म्हणजे शिंतोडे सोसेल, 65 म्हणजे पाण्याचा फवारा, 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. बॅटरीला 67, कंट्रोलर आणि जोडण्यांना निदान 65 हवं. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या खाऱ्या हवेत उघड्या तांब्यावर हिरवट थर चढतो आणि मग मोटर झटके देते. दोष मोटरला लागतो, बिघाड पाच रुपयांच्या कनेक्टरमध्ये असतो. हबमध्ये शिरणारी वायर आधी खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे पाणी तिथून टपकून जातं आणि आत उतरत नाही.

शेवटी सायकल. घरची काळी सायकल बहुधा 28 इंची चाकाची, दांडीच्या ब्रेकची. ते ब्रेक रिमला आतून दाबतात. किटचं चाक बहुतेक वेळा 26 इंची येतं. ते बसवलं की ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोचतच नाहीत, मग ‘चालतंय की’ म्हणत लोक एकाच ब्रेकवर फिरतात. वेग ताशी 15वरून 25वर गेला की थांबवायची ऊर्जा पावणेतीन पट होते. त्यामुळे दोन्ही चाकांना धड ब्रेक, ब्रेक दाबताच मोटर तोडणारा कटऑफ आणि एक्सल जागेवर धरणारा टॉर्क आर्म, हा खर्च किटच्या किमतीतच धरावा. हबच्या आतला एक्सल उलट दिशेने फिरू पाहतो. टॉर्क आर्म नसेल तर तो चिमट्याची खाच रुंदावतो, पुढचं चाक निसटतं. पैसे देण्याआधी दुकानदाराला तीन सुटे भाग दाखवायला सांगावेत: कंट्रोलर, थ्रॉटल आणि मोटरची फिरती स्थिती कंट्रोलरला कळवणारा हॉल सेन्सर. ते त्याच्या कपाटात असतील, तर पुढच्या पावसाळ्यात दुरुस्ती वसईत होईल. नसतील तर किट कुरिअरने परगावी जाईल आणि सायकल महिनाभर पडवीत.