सातपुड्याच्या पायथ्याशी मेंडेल

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला सोळावा पाठ म्हणजे ‘आनुवंशिकता व परिवर्तन’. तो येतो तेव्हा वर्ष संपत आलेले असते, परीक्षा तोंडावर असते आणि बहुतेक वर्गांत तो घाईघाईने उरकला जातो. मेंडेलचा उंच आणि बुटका वाटाणा, तीनास एक हे गुणोत्तर, चौकटीतली अक्षरे हे सगळे मुले पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरून जातात. खानदेशात हे असे चालू राहावे, हे मला पटत नाही. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या पट्ट्यातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. वर्गात बसलेली काही मुले स्वतः त्याची वाहक असतात आणि कित्येकांना ते ठाऊकही नसते.

त्याच पाठात ‘दात्रपेशी पांडुरोग’ या नावाने हा आजार येतो. तेवढ्या एका आजाराच्या आधारे डीएनए, जनुक आणि उत्परिवर्तन या तिन्ही गोष्टी नीट उलगडता येतात. हिमोग्लोबिनची बीटा साखळी 146 अमिनो आम्लांची असते आणि तिचा जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतो. या जनुकात सहाव्या आम्लासाठी ‘जीएजी’ अशी तीन अक्षरे असतात. त्यांतल्या मधल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ आले की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. बदल फक्त एवढाच. पण असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून मोकळे झाले की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब तंतू बनतात आणि गोल, लवचिक पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, ही मात्र 10 ते 20 दिवसांत फुटते. अंगात रक्त कमी पडते ते यामुळे. बारीक रक्तवाहिन्यांमध्ये या पेशी अडकल्या की हाडे आणि सांधे असह्य ठणकतात. मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडले, कडाक्याची थंडी पडली, ताप आला किंवा ऊसतोडीसारखे अंग मोडणारे काम झाले की दुखणे उसळते. एका अक्षरापासून ऊसतोडीच्या फडापर्यंतची ही साखळी मुलांसमोर उभी केली, तर जनुक म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

या आजाराचा इतिहासही वर्गात सांगण्याजोगा आहे. 1910 साली शिकागोत जेम्स हेरिक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या वाकड्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. त्यानंतर काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी बदललेले ते एक अमिनो आम्ल शोधून काढले. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा जनुक आढळला आणि 1958 मध्ये नागपूरकडून मध्य भारताची नोंद झाली. रक्ताचे दोष आणि मलेरिया यांचा संबंध असावा, असे जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1949 मध्येच सुचवले होते. हे हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. सिकलसेलच्या बाबतीत तो संबंध पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये दाखवून दिला. या जनुकाची एकच प्रत असलेल्या मुलाला मलेरिया झाला, तरी तो जिवावर बेतण्याची शक्यता कमी असते. डासांनी भरलेल्या जंगलपट्ट्यात हा जनुक का टिकून राहिला, त्याचे उत्तर यात आहे. पावरा, भिल्ल, तडवी घरांतल्या मुलांना हे कळलेच पाहिजे. घराला लागलेला शाप, मागच्या जन्मीचे पाप, बाईचा दोष असे जे काही बोलले जाते, त्याला याहून चांगले उत्तर नाही.

बाईचा दोष ही समजूत तर मुळासकट खोडायला हवी. निरोगी जनुकाला ए आणि सिकलसेलच्या जनुकाला एस म्हटले, तर वाहक म्हणजे एएस आणि आजारी मूल म्हणजे एसएस. असे मूल जन्मते तेव्हा एक एस आईकडून आणि एक एस बापाकडून आलेला असतो. एकट्या आईकडून तो येऊच शकत नाही. हे पटवायला दोन नाणी पुरतात. एक नाणे आईचे, एक बापाचे, दोघेही एएस. छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस. दोन्ही नाणी एकदम उडवली की एक मूल झाले. प्रत्येक जोडीने चार मुलांचे ‘कुटुंब’ फळ्यावर लिहायचे. मग दिसते की कुणाच्या घरी एकही एसएस नाही, कुणाकडे दोन, तर कुणाकडे तीनही. सगळ्या वर्गाची बेरीज मात्र पावाच्या आसपास येते. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन बरी निघतील’ या भरवशावर घरेच्या घरे बसलेली असतात. दर बाळंतपणाला नाणी नव्याने उडतात, हे नववीतली मुलगी घरी जाऊन सांगू शकते. दवाखान्यातल्या पत्रकाने ते होत नाही.

जळगावकडच्या शिक्षकाच्या हाताशी आणखी एक साधन आहे, केळी. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण 33, म्हणून तिला बी धरत नाही. नवी लागवड (नवती) असो की खोडव्याची (पिलबाग), झाड येते ते कंदातून किंवा टिश्यू कल्चरच्या रोपातून, म्हणजे जुन्याच झाडाच्या पेशींतून. नवे वाण मिळते ते बहुधा एखाद्या पेशीत आपोआप झालेल्या उत्परिवर्तनातून. बसराई, ग्रँड नैन ही अशीच एका कुळातली भावंडे. रोपवाटिकेत एखादे रोप खुजे किंवा वेगळ्याच पानाचे निघते आणि मजूर ते उपटून टाकतो, ते उत्परिवर्तन बागायतदाराच्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेले असते. एकाच जातीची रोपे दोन शेतांत वेगवेगळ्या वजनाचे घड देतात, तेव्हा पाणी-खताचा वाटा किती हेही त्याला कळते. सगळी बाग एकसारखी असण्यातला धोकाही सांगावा. मध्य अमेरिकेतली ग्रॉस मिशेल ही जात पनामा रोगाने अशीच उद्ध्वस्त झाली. त्या रोगाचा नवा प्रकार आता बिहार-उत्तर प्रदेशात पोचला आहे.

डीएनए दाखवायलाही केळेच घ्यावे. पिकलेले केळे कुस्करायचे, त्यात मीठ, पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब घालून हलक्या हाताने ढवळायचे आणि गाळून घ्यायचे. मग ग्लासच्या कडेने थंडगार स्पिरिट अलगद सोडायचे. दोन थरांच्या मधोमध पांढरे, चिकट धागे वर येऊ लागतात आणि काडीला गुंडाळून बाहेर काढता येतात.

सिकलसेल शिकवताना वर्गात एक पथ्य मात्र कसोशीने पाळायला हवे. कुणाही मुलाला ‘तुझा रिपोर्ट काय?’ असे चारचौघांत विचारू नये. वाहक म्हणजे आजारी नव्हे, पण लग्नाच्या बाजारात हा फरक कुणी करत नाही आणि त्याची झळ मुलींना अधिक बसते. फळ्यावरचे कुटुंब नेहमी काल्पनिक असावे.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळिशीच्या आतल्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट तेव्हा ठरवण्यात आले. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने अनेक रुग्णांचे दुखणे कमी होते. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने जनुक संपादनाच्या उपचाराला मान्यता दिली, पण तेव्हा त्याची किंमत 22 लाख डॉलर होती. सातपुड्यातल्या घराला आज परवडणारी गोष्ट म्हणजे वेळेवर तपासणी आणि लग्नाआधीची माहिती.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. हा सोळावा पाठ दिवाळीच्या सुट्टीआधी घ्यावा, म्हणजे मुले घरी जाताना तो सोबत नेतील. त्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञांना शाळेत बोलवावे. बोटाच्या थेंबावरची सोल्युबिलिटी चाचणी कशी होते आणि एएस की एसएस हे ठरवायला पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी का लागते, ते त्यांनीच समजावून सांगावे. ज्या पालकांची संमती असेल त्यांच्या मुलांची तपासणी तिथेच व्हावी, अहवाल बंद पाकिटातून पालकांच्याच हाती जावा आणि तो वाचून दाखवायला पावरी, भिल्ली किंवा अहिराणी बोलणारे माणूस तिथे हजर असावे.