ऊन पाण्याची धार बारीक कां होते?

न्हाणीघरांतील थंड पाण्याचा नळ भरभरून वाहतो, परंतु शेजारच्या ऊन पाण्याच्या नळाची धार करंगळीहूनहि बारीक, ही तक्रार सोलापूरच्या पुष्कळ घरांत ऐकूं येते. अशा वेळीं पंप बसविण्याचा खर्चिक बेत लगेच ठरतो. वस्तुतः दोन नळांतील हा भेदच दोषाचें ठिकाण सांगत असतो. एकच बादली दोन्ही नळांखालीं आळीपाळीनें भरून वेळ मोजावा. दोहोंना सारखाच विलंब लागला, तर टाकी किंवा मुख्य नळ तपासावा. ऊन पाण्यालाच विलंब लागला, तर अडथळा त्याच्याच वाटेंत आहे.

गच्चीवरील टाकीचा जोर मुळांतच अल्प असतो. १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलोग्रॅम भरतो. टाकी नळापेक्षां ३ मीटरच उंच असल्यास त्याचा तीन-दशांशच मिळतो. इतक्या दुबळ्या दाबाला लहानसा अडथळाहि रोखूं शकतो.

हा अडथळा बहुधा क्षारांचा असतो. उजनी धरणावरून येणाऱ्या पाण्यांत खंड पडला कीं पुष्कळ घरीं कूपनलिकेचें पाणी टाकींत घेतात. काळ्या कातळांतून आलेलें हें पाणी बहुधा जड असतें. तें तापलें कीं त्यांतील कॅल्शियम बायकार्बोनेटचें विघटन होऊन न विरघळणारें कार्बोनेट नळीच्या अंगाला बसतें. जुन्या बंबांत सांचणारा पांढरा थर तो हाच. नळीचा व्यास निम्मा झाला, तर पाण्याची वाट चौथाईच उरते.

शोध सोप्याकडून अवघडाकडे न्यावा. ऊन पाण्याचा एकच नळ मंद असल्यास त्याच्या तोंडाची जाळी काढून कांहीं तास व्हिनेगरमध्यें भिजवावी. सर्वच मंद असल्यास गीझरकडे जाणारी तोटी पूर्ण उघडी आहे कीं नाहीं हें पाहावें. तीहि उघडी असल्यास वीज बंद करून, पाणी निवल्यावर, जाणत्या कारागिराकडून गीझर व नळी साफ करून घ्यावी. पुढें तापमान ६० अंशांवर जाऊं न दिल्यास थर सावकाश वाढतो.

एक गोष्ट मात्र कदापि करूं नये. गीझरची सुरक्षा-झडप ठिबकते, म्हणून धार मंदावली असें समजून कित्येक जण तिला खुंटी ठोकतात. तापलेलें पाणी प्रसरण पावतें, आणि त्याची वाफ झाल्यास ती दीड हजाराहून अधिक पट जागा मागते. ती वाट बंद झाल्यास गीझर फुटून जिवावर बेतूं शकतें. मंद धारेनें स्नानास उशीर होईल, इतकेंच. झडप मात्र मोकळीच राहिली पाहिजे.