स्निग्ध द्रव्याचा निरोप आणि रक्ताचा कर्करोग



तूप, तेल, लोणी हीं नांवें निघालीं कीं आपल्या डोळ्यांपुढें जेवणाचें ताट उभें राहतें. परंतु शरीरांतील सर्वच स्निग्ध द्रव्यें इंधन म्हणून खर्च होत नाहींत. त्यांपैकीं कांहीं द्रव्यें पेशींना निरोप पोंचवितात. 'अ' जीवनसत्त्व हें स्निग्ध पदार्थांत विरघळणारें असेंच एक द्रव्य. त्यापासून शरीरांत रेटिनॉइक आम्ल तयार होतें व तें पेशीच्या केंद्रकांतील एका प्रथिनास चिकटतें. निरोप ग्रहण करणारें म्हणून या प्रथिनास ग्राही म्हणतात. निरोप येईपर्यंत हा ग्राही ठराविक जनुकांवर बसून त्यांना मुकीं ठेवतो. निरोप आला कीं तीं जागीं होतात. अस्थिमज्जेंत जन्मणाऱ्या कांहीं पांढऱ्या पेशींना प्रौढ होण्यास या निरोपाचें साह्य होतें.

तीव्र प्रोमायलोसायटिक ल्यूकेमिया या रक्ताच्या कर्करोगांत नेमकी हीच वाट अडते. १५ व्या व १७ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ग्राहीला दुसरें एक प्रथिन जोडलें जातें. असा विकृत ग्राही रेटिनॉइक आम्लाच्या नेहमींच्या प्रमाणाला दाद देत नाहीं. पेशी अर्धवट वाढीवर थांबतात, संख्येनें मात्र वाढतच राहतात. रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि उपचार न झाल्यास रोगी थोड्याच दिवसांत रक्तस्रावानें दगावूं शकतो.

शांघायचे डॉक्टर वांग झेन्यी यांनीं या पेशी मारण्याऐवजीं त्यांना प्रौढ करण्याचा विचार केला. १९८५ सालीं त्यांनीं एका पांच वर्षांच्या मुलीस हेंच आम्ल मोठ्या मात्रेंत दिलें, आणि ती बरी झाली. १९८८ सालीं २४ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं २३ जणांच्या रोगाचीं चिन्हें केवळ या औषधानें नाहींशीं झालीं होतीं. मोठ्या मात्रेपुढें विकृत ग्राही जनुकांवरची पकड सोडतो व स्वतः मोडून जातो. पेशी प्रौढ होतात, आणि प्रौढ पेशींचें आयुष्य थोड्या दिवसांचेंच असतें.

तथापि एकट्या या औषधानें पडलेला उतार बहुधा टिकत नसे. म्हणून त्यास इतर औषधांची, व पुढें सोमलाच्या औषधाची जोड मिळाली. इटली व जर्मनी येथील २०१३ सालच्या तौलनिक अभ्यासांत, फारसा उग्र रोग नसलेल्या शंभरांपैकीं सुमारें ९७ रोगी या जोडऔषधानें दोन वर्षांनंतर जिवंत व रोगमुक्त होते.

यावरून 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीं कर्करोग बरा होतो, असें मात्र कोणीं समजूं नये. हा गुण त्या विकृत ग्राहीच्या रोगापुरताच आहे. शिवाय हें औषध गर्भास घातक असून रोग्याच्या फुप्फुसांनाही कधीं कधीं अपाय करतें. म्हणून तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावें लागतें. हिरड्यांतून वा नाकांतून अकारण रक्त येऊं लागलें, अंगावर काळेनिळे डाग उठले, तर घरगुती उपायांत दिवस न दवडतां रक्त तपासून घ्यावें. औषध उपलब्ध आहे. तें वेळेवर मिळालें पाहिजे.