डोळ्यांना न दिसणारा राखणदार

पोखर्णी शिवारातल्या कपाशीवर बोंडअळीच्या पतंगाने अंडी घातली की ट्रायकोग्रामा ही मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशी त्यांतच आपली अंडी घालते. अळी जन्मतच नाही. पतंगाचे अंडे काळे पडते आणि आठवडाभरात त्यातून नवी गांधीलमाशी निघते.

ही गांधीलमाशी शेतात सोडणाऱ्या ट्रायकोकार्डाच्या पट्ट्या पानांखाली टाचायच्या त्या यासाठीच. पण लगेच सायपरमेथ्रिन किंवा क्लोरपायरिफॉस फवारले, तर हा राखणदारच आधी मरतो. जे वाचतात, त्यांचीही अंडी शोधण्याची ताकद घटते. मग बोंडअळीला रान मोकळे.

म्हणून कार्ड लावल्यावर किमान आठ-दहा दिवस रासायनिक फवारणी टाळावी. गरज भासलीच, तर ५ टक्के निंबोळी अर्क तुलनेने सुरक्षित. आधी शेत निरखा, मगच पंप उचला.