संगणकांतील गळती आणि तिचा शोध

१९९१ सालीं सुरू झालेली लिनक्स प्रणाली आज असंख्य संगणक चालविते. आपल्या वडिलांच्या अँड्रॉइड फोनचा गाभाहि तीच. तींत 'टार' नांवाचें एक साधन आहे. अनेक फायली एका गाठोड्यांत बांधणें व हव्या तेव्हां सोडविणें, एवढेंच त्याचें काम. तें लिनक्सहूनहि जुनें, १९७९ च्या युनिक्सपासून चालत आलेलें.

अशा साधनाची नवी आवृत्ति निघते आणि काल बिनचूक होणारें काम आज बिघडतें. जुन्या व नव्या आवृत्तींमध्यें हजार फेरफार झाले असतील, तर दोष कोणत्या फेरफारानें शिरला हें कसें ओळखावें?

आपल्या नगरांत निजामशाहीच्या काळीं कापूरवाडीहून खापरी नळानें पाणी येत असे. अशा नळास गळती लागली, तर शहाणा मनुष्य आरंभापासून खणीत येणार नाहीं. तो मधोमध पाहील. तेथें पाणी भरपूर असेल तर गळती पुढें, नसेल तर मागें. उरलेल्या भागाचा पुन्हां मध्य! २००५ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं फेरफारांची नोंद ठेवणारी 'गिट' ही वही रचिली. तींतील 'बायसेक्ट' ही आज्ञा हेंच करिते. १,०२४ फेरफारांतील दोषी एक, अवघ्या १० चाचण्यांत हातीं लागतो. मात्र चाचणीनें प्रत्येक वेळीं एकच उत्तर दिलें पाहिजे. कधीं बिघडतें, कधीं बिघडत नाहीं, अशा दोषापुढें ही युक्ति फसते, आणि असे दोषच अधिक छळतात.

दुसरी अडचण याहूनहि बिकट. 'एक्सझेड' हें साधन टारचीं गाठोडीं दाबून लहान करितें. मार्च २०२४ मध्यें आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दिसलें कीं, दूरच्या संगणकांत प्रवेश करावयास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो. दुसरा कोणी हें सोडून देता! त्यांनीं माग काढला, तो एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्तींपाशीं पोंचला. दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या एका सहकाऱ्यानेंच तेथें चोरवाट ठेविली होती. गुप्त किल्ली बाळगणारा तींतून परक्या यंत्रांत शिरून त्यास हवें तें करावयास लावूं शकला असता. २९ मार्चला त्यांनीं हें जाहीर केलें, आणि त्या आवृत्ति मागें घेतल्या गेल्या.

ती वाट उघडणारा मजकूर वहींत नव्हताच. तो केवळ लोकांस वांटलेल्या टार गाठोड्यांत होता. वहीचे कितीहि निम्मे भाग केले असते तरी तो सांपडता ना. गाठोडें सोडून वहीशीं ताडून पाहावें लागलें.